राउटरवरचा रुमाल

लॅपटॉपचं वायफाय गेलं की घरातला प्रत्येक जण इंजिनिअर होतो. ‘बंद करून चालू कर,’ काका सांगतात. कस्टमर केअरही तेच सांगतं, फक्त आधी भरपूर संगीत ऐकवून. खरा संशयित बहुधा स्वयंपाकघरात डाळ गरम करत असतो. मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि वायफाय, तिघांचाही संसार २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास. त्यात अख्ख्या सोसायटीच्या राउटरांना एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. दादरच्या पुलावर याहून मोकळं चालता येतं! ५ गिगाहर्ट्‌झवर गर्दी कमी, पण भिंती आल्या की त्याला धाप लागते. आणि आपण राउटर ठेवतो कुठे? टीव्हीमागे, लोखंडी कपाटाशेजारी, वर क्रोशाचा रुमाल घालून. तक्रार नोंदवण्याआधी त्याला जरा उघड्यावर, उंचावर बसवा.