ठेका तोच राहू द्या

जुना टेक्नो पुन्हा ऐकला जातोय म्हटल्यावर ‘स्मरणरंजन’ असा शिक्का मारून मोकळं होऊ नका. टेक्नो संगीतकार जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूड शोधून शोधून ऐकणारी आजची बरीच पोरं त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांना आठवण कसली येणार? त्यांना वीट आलाय तो वेगाचा. अलीकडच्या मोठ्या महोत्सवांत टेक्नो मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या पलीकडे पळतो. मध्येच ताल बंद करायचा, आवाज चढवत न्यायचा, मोबाइल वर झाले की धाडकन आदळायचा, आणि पुन्हा तेच. व्हिडिओपुरतं हे ठीक आहे, पण रात्रभर नाचणाऱ्याचा त्याने जीव उबतो.

हे भांडण जुनंच आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रेव्ह पार्ट्यांतही अशीच शर्यत लागली होती. डेट्रॉइटच्या हूडने तिला १९९४मध्ये ‘मिनिमल नेशन’ या रेकॉर्डने उत्तर दिलं. त्याने भर घातली नाही, काढून टाकलं. उरलं ते ढोलाचे ठोके, हाय-हॅटची झांज आणि सिंथेसायझरवरची मोजक्या सुरांची एक तुकडी. ती तुकडी फिरत राहते. पहिली दोन मिनिटं वाटतं, काहीच घडत नाहीये. मग सुराला जराशी धार आलेली जाणवते, हाय-हॅट निघून गेलेली लक्षात येते, ती परतली की पाय आपोआप हलका पडतो. तबल्याच्या एकलवादनाला जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. साथीला तेच सूर फिरवत राहणारा लेहरा जागचा हलत नाही, म्हणूनच तबल्यातला बारीकसा फेरही कानात भरतो.

ही किमया हाताची आहे. २००४मध्ये आलेली मिल्सची ‘एक्झिबिशनिस्ट’ ही डीव्हीडी पाहा. कॅमेरे त्याच्या हातांवरच रोखलेले आहेत. समोर टर्नटेबल आणि शेजारी रोलँडचं टीआर-९०९. हे ताल वाजवणारं यंत्र १९८३चं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून तेव्हा ते फारसं खपलं नाही, साधारण दहा हजार नग बनले आणि उत्पादन बंद पडलं. पुढे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं आणि टेक्नोवाल्यांच्या हाती लागलं. खाली सोळा बटणांची रांग, वर प्रत्येक वाद्याच्या कळा. मिल्स ते वाद्यासारखं वाजवतो, ताल चालू असतानाच तो मोडतो आणि जोडतो. ९०९चा आवाज आज कुठल्याही लॅपटॉपवर मिळतो. तेवढ्यावर भागलं असतं तर ही पोरं तीस वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डकडे वळलीच नसती.

श्रेयाबद्दल मात्र बोललंच पाहिजे. मार्च २०२४मध्ये जर्मनीने बर्लिनची टेक्नो संस्कृती राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आनंद आहे. पण बर्लिनच्या ट्रेझॉर क्लबच्या लेबलने १९९१मध्ये काढलेली पहिली रेकॉर्ड डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाची, म्हणजे माइक बँक्स, मिल्स आणि हूड यांची होती. मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेल्या शहरात कृष्णवर्णीय तरुणांनी हे संगीत घडवलं. त्यांच्यातल्याच वान ॲटकिन्सने तर १९८५मध्येच मेट्रोप्लेक्स हे स्वतःचं लेबल काढलं होतं. जुना टेक्नो ‘बर्लिनचा’ म्हणून ऐकणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळलेली असते.

डेट्रॉइटच्या ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर सबमर्ज या रेकॉर्ड वितरण कंपनीची इमारत आहे, तिथे टेक्नोचं छोटंसं संग्रहालय आहे आणि तळघरात रेकॉर्डचं दुकान. जुन्या तबकड्यांच्या भावावर सट्टा खेळणाऱ्यांना पैसे देण्यापेक्षा डेट्रॉइटच्या लेबलांच्या नव्या आवृत्त्या थेट त्यांच्याकडून घ्या. आणि घेतल्यावर पूर्ण बाजू ऐका, सुई मध्येच उचलू नका.