लाल वाईन आणि नागपूरचा मे महिना

फ्रान्सच्या बुर्गुंडी प्रांतात क्लो द वुजो नावाचा एक द्राक्षमळा आहे. क्षेत्र सुमारे 50 हेक्टर आणि मालक 80 च्या आसपास. 1889 पर्यंत मालक एकच होता. मग विक्री झाली आणि वाटण्या सुरू झाल्या. सातबाऱ्यावर इतकी नावं पाहून विदर्भातला शेतकरी मुळीच दचकणार नाही. फरक एवढाच, की तिथले हिस्सेदार कोर्टाची पायरी चढण्याऐवजी आपापल्या चार ओळींची वेगळी वाईन काढतात आणि शेजारच्या वाईनला नावं ठेवतात.

महाराष्ट्रात हा उद्योग नाशिकने अंगावर घेतला. राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर 1997 मध्ये वेली लावल्या, 2000 मध्ये पहिली वाईन बाजारात आणली आणि आई सुलभा यांच्या नावावरून तिला ‘सुला’ म्हटलं. मराठी माणूस आईच्या नावाने वाचनालय काढतो, पतसंस्था काढतो, फार तर मंगल कार्यालय. वाईन हे धाडसच म्हणायचं.

फ्रान्समधली वेल हिवाळाभर झोपते, म्हणून तिची छाटणी वर्षातून एकदा. नाशिकची वेल झोपतच नाही. तिला एप्रिलात खरड छाटणी लागते आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. तिकडे सप्टेंबरात तोडणी चालते तेव्हा इकडे कात्रीला धार लावणं चालू असतं; वाईनची द्राक्षं हाती येतात ती जानेवारी ते मार्चमध्ये.

ही द्राक्षं हातगाडीवर विकायला ठेवली तर गिऱ्हाईक भांडेल. बारीक मणी, जाड साल, वर बिया. पण सगळी करामत त्या सालीचीच. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळपास बिनरंगी असतो, म्हणून लाल वाईनसाठी तो सालीसकट आंबवतात. वायू सुटू लागला की साली वर येऊन जाड थर धरतात. दांड्याने तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. दाबताना थर आधी दाद देत नाही, मग एकदम फुटतो आणि जांभळा फेस उसळतो. आळस केला तर साली सुकतात आणि व्हिनेगरची तयारी सुरू होते. उष्णता 30 अंशांच्या फार वर गेली तर यीस्ट मान टाकतं, म्हणून टाकीभोवती गार पाणी खेळवतात. आठवडा-दोन आठवड्यांनी रस पिळून काढतात. पुढे जिवाणू त्यातल्या तिखट आंबटपणाचं दह्यातल्या सौम्य आम्लात रूपांतर करतात. चांगला माल ओकच्या 225 लिटरच्या पिंपात महिनोन्‌महिने मुरतो.

एवढे लाड पुरवलेली बाटली नागपुरात येते, तेही मे महिन्यात. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं पुस्तकं सांगतात. ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. पारा 45 वर असताना कूलरसमोर ठेवलेली वाईन औषधी काढ्यासारखी लागते. सोबत सावजी रस्सा असेल तर वाईनमधलं टॅनिन आणि मद्यार्क मिळून मिरचीची आग आणखी भडकवतात. दोष दोघांचाही नाही. पत्रिका जुळत नाही.

तेव्हा बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, सोबत साधं भाजलेलं मटण घ्यावं आणि उरलेली वर्ध्याच्या पाहुण्यांबरोबर देऊ नये. त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे.