कॉलेजात बोलायला शिका : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (बुलढाणा जिल्हा आवृत्ती)

अभिनंदन. बारावी सुटली, बी.ए. भाग एकच्या यादीत नाव लागलं, गळ्यात ओळखपत्र आलं आणि आता आपल्याला बोलता येईल असं तुम्हाला वाटू लागलं आहे. तसं वाटण्यात काही चूक नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो, आणि त्यात 'कॉलेजचं फाटक वगळून' असे शब्द नाहीत. तसले शब्द असलेच तर ते प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर, हमीपत्रात असतात. त्यावर तुम्ही सही केली, वडिलांनीही केली. वाचलं कोणीच नाही.

तुम्ही घाटाखालचे असा की घाटावरचे, पुढचे धडे दोघांनाही लागू आहेत.

धडा पहिला : तारीख पाहा

नवशिका आधी विषय निवडतो. जाणता माणूस आधी तारीख पाहतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम ३७ आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे त्याखालचे आदेश पेपरात आतल्या पानावर, कोपऱ्यात येतात आणि त्यांची सवय इतकी झाली आहे की हवामानासारखे ते कोणी वाचत नाही. उपकलम (३) खाली जमाव आणि मिरवणूक बंद करता येते, पण शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. पंधरा दिवस भरेपर्यंत पुढची जयंती किंवा पुढचा सण आलेलाच असतो, आणि नवा आदेश निघतो.

खरं वाचनीय आहे ते उपकलम (१). शस्त्रं, काठ्या, दगड यांच्याबरोबर तिथे प्रतिमांचं प्रदर्शन, जाहीर घोषणा, गाणी आणि वाद्यं आहेत. शेवटी आवेशाची भाषणं, हावभाव, नकला, चित्रं आणि चिन्हंही आहेत. ही शेवटची मंडळी सरसकट बंद नाहीत बरं का. ज्यांच्यामुळे सभ्यता, नीती किंवा राज्याची सुरक्षितता बिघडेल असं अधिकाऱ्यांना वाटेल, तेवढीच. आता अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचं वेळापत्रक शेजारी ठेवा : वक्तृत्व, मिमिक्री, मूकाभिनय, समूहगान, व्यंगचित्र, पोस्टर. कायदा लिहिणाऱ्यानं यादी करताना स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे ठेवलं होतं की काय, अशी शंका येते.

धडा दुसरा : मंचावर काय चालतं

वक्तृत्व स्पर्धेत सात मिनिटं तुम्ही पूर्ण स्वतंत्र असता, विषय समितीनं दिलेला असेल तर. आपण सिंदखेडराजाच्या जिल्ह्यातले. बारा जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, अन्यायाविरुद्ध पेटून उठायला कोणाचीच हरकत नसते, अन्याय सतराव्या शतकातला असला म्हणजे झालं. शौर्य भूतकाळात ठेवावं, क्रियापदासकट.

एकांकिका बसवणार असाल तर मुंबईत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ नावाचं प्रकरण आहे, हे लक्षात असू द्या. प्रयोगाआधी संहिता तिथे दाखवायची असते. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. पालेकरांना जे जाचलं ते तुमच्या बारा पोरांच्या 'प्रहसन' टीमला जाचणार नाही असं धरून चालू नका.

धडा तिसरा : स्टेटस

हा धडा दोनदा वाचा, कारण बहुतेकांचं बोलणं आता इथेच होतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकानं ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. अनुच्छेद ३७० गेला तो ५ ऑगस्ट जम्मू-काश्मीरचा काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ खाली गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला : सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, दुसऱ्या देशाला शुभेच्छा देणं हा गुन्हा नाही, आणि पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवण्याची वेळ आली आहे. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं. गुन्हा जायला दीड वर्षाच्या वर लागलं.

पुण्याची गोष्ट त्याहून ताजी. मे २०२५ मध्ये एका एकोणीस वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या मुलीनं 'ऑपरेशन सिंदूर'बद्दलची कोणाची तरी पोस्ट पुढे ढकलली, लगेच काढली, माफी मागितली. तरी अटक झाली, आणि कॉलेजनं तिचं म्हणणं न ऐकताच नाव काढून टाकलं. २७ मे रोजी उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू दिलं. तोपर्यंत काही पेपर होऊन गेले होते.

कोल्हापूरच्या निकालात एक जुनी कसोटी वापरली आहे, आणि ती आपल्याकडची आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, बुलढाणा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता तेव्हा, नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं की शब्दांचा परिणाम समजूतदार, खंबीर मनाच्या माणसावर काय होईल ते बघायचं. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोक्याचा वास येतो त्याच्यावर काय होईल ते नाही. महाराष्ट्रातूनच राज्यसभेवर गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हा मार्च २०२५ मध्ये रद्द करतानाही सर्वोच्च न्यायालयानं हीच कसोटी लावली. विदर्भातून कापूस आणि संत्री बाहेर जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ही कसोटी आपल्याच कॉलेजांपर्यंत परत यायची राहिली आहे.

धडा चौथा : बाजारभाव

सोयाबीनला धड भाव नाही, कापसाचं रडगाणं तर कायमचंच. पण जिभेचा भाव आपल्या जिल्ह्यात जाहीर झाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी राहुल गांधींची जीभ छाटणाऱ्याला अकरा लाख रुपये सांगितले. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. बोलण्याची हद्द जिथे खरोखर संपते, म्हणजे अपराधाला चिथावणी, ती अनुच्छेद १९(२) मध्ये आहे. नवशिक्यांनी घरी प्रयोग करू नये.

धडा पाचवा : विद्यार्थी निवडणुका

१९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्यानं त्या परत आणल्या, कागदावर. २०१९ मध्ये होणार होत्या, पुढे ढकलल्या. या धड्यासाठी पान कोरं सोडलं आहे.

धडा सहावा : गप्प बसणे

हाही घटनादत्त हक्क आहे. केरळातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीताला उभं राहूनही न गायल्याबद्दल शाळेतून काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. आपल्या स्टाफरूममध्ये या हक्काचा वापर इतका मनापासून होतो की वेगळं शिकवायची गरज नाही.

धडा सातवा : आवक-जावक

कायद्याचं संरक्षण मिळतं. नंतर मिळतं, आणि नागपूरला मिळतं. छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ बुलढाण्याहून दीडशे किलोमीटरवर आहे, पण आपला जिल्हा नागपूर खंडपीठाचा, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. बुलढाण्याला रेल्वे नाही. आधी मलकापूर गाठायचं.

तेवढं लांब जायचं नसेल किंवा जावंच लागलं, तर दोन्हीसाठी तयारी एकच. प्राचार्य तोंडी 'नाही' म्हणाले तर वाद घालू नका. ते लेखी मागा, कारणांसह. तोंडी नकाराला आव्हान देणं अवघड असतं, म्हणूनच तो तोंडी असतो. शिक्षा करायची तर आधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पुण्यात कॉलेज नेमकं तिथेच अडकलं. कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज चालतो. मागच्या तीन वर्षांत सभागृह कोणाकोणाला दिलं, हे विचारून बघा.

अर्ज दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर पोच : शिक्का, तारीख, आवक क्रमांक. टेबलावरचा बाबू म्हणेल, "साहेब नाहीत, ठेवून जा भाऊ." ठेवून जायचं नाही. शिक्का मिळत नसेल तर बाहेर पडून स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावतीची झेरॉक्स काढा, कारण त्या कागदावरची शाई वर्षभरात उडते आणि नागपूरला वकील पहिला प्रश्न तोच विचारतो : अर्ज दिला होता, तर पोच कुठंय?