कमाल किंमत, किमान लाज

दादरा-नगर हवेलीतल्या नरोलीत एक दुकान आहे, ते गेली कैक वर्षं बंद होतंय. 'दुकान खाली करना है, माल लागत भाव में' असा कापडी फलक पहिल्यांदा लागला तेव्हा आम्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाईट वाटलं होतं. बिचाऱ्याला तेवढाच हातभार म्हणून घरटी दोन-दोन टॉवेल आले. पुढे फलक उन्हाने विटला, मालकाने नवा करून घेतला. मध्यंतरी दुकानाला एसी बसला, वर मजला चढला. बुडीत धंद्याला एवढी बरकत आलेली आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

बाकीच्या दुकानांचं दुःख इतकं जुनाट नाही. त्यांना महिन्याच्या सात तारखेला दानधर्माची उबळ येते आणि बारा-तेरापर्यंत ती ओसरते. गावातल्या कारखान्यांचे पगार याच सुमाराला होतात, हा निव्वळ योगायोग. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासून धुळे-नंदुरबारपर्यंतची माणसं इथे पाळीवर राबतात, आणि सिल्वासाचा सगळा पट्टा पॉलिएस्टर धाग्याचा. रात्रपाळीत धागा काढायचा आणि सकाळी सुटल्यावर तसल्याच धाग्याच्या शर्टवर 'फॅक्टरी रेट' वाचून हरखून जायचं. कुठली फॅक्टरी, असं विचारायची रीत नाही.

या गावात एकाच मालाला सेल लागत नाही. भिलाडकडून येताना हद्द ओलांडली की त्याची दुकानं सुरू होतात. पलीकडे गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, त्यामुळे अलीकडच्या मंडळींना 'अप टू' लिहायची वेळच आली नाही. गिऱ्हाईक आपल्या पायाने येतं, मागितलेला भाव देतं आणि बिलाचा आग्रहही धरत नाही. कापडवाल्यांना मात्र गिऱ्हाईक आणायचं तर 'अप टू' लागतं. '५०%' हाताच्या पंजाएवढं, आणि त्याच्या डोक्यावर 'अप टू' असं की चष्मा पुसून पाहावं. आत गेल्यावर कळतं की पन्नास टक्क्यांचा मान एका कोपऱ्यातल्या रॅकला आहे. तिथे कॉलर पिवळी पडलेले शर्ट आणि ४६ कमरेच्या पँटी टांगलेल्या असतात. उरलेल्या दुकानात दहा टक्के, आणि 'न्यू अरायव्हल' म्हटलं की तेही नाहीत.

मग '५०%' शेजारचं ते चांदणीचं चिन्ह. पाटी गुजराती आणि हिंदीत, अटी इंग्रजीत, त्याही तळाशी, जिथे दुकानाचं मांजर बसतं. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. दावा ज्या भाषेत त्याच भाषेत अट, अक्षरही त्याच वळणाचं, आणि डोळ्यांत भरेल अशा जागी, असं त्यांत स्वच्छ लिहिलंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण फसव्या जाहिरातीला पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा सापडल्यास ५० लाखांपर्यंत. पण प्राधिकरण दिल्लीत आणि मांजर इथे.

आता मुख्य मुद्दा. पन्नास टक्के सूट हे कबूल, पण कशावर? छापील किमतीवर. छापील किंमत छापतो कोण? माल विकणारा. २००९ च्या वैधमापन कायद्याने आणि २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी सांगितलं की पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापा आणि तिच्यावर एक पैसा घेऊ नका. फार चांगलं केलं. मात्र हे छत किती उंचावर घालायचं ते, औषधांसारख्या मोजक्या वस्तू सोडल्या तर, ज्याने त्याने ठरवायचं. गिऱ्हाइकाला लुबाडू नये म्हणून आणलेला आकडा आता गिऱ्हाइकाला भुलवायच्या कामी लागला. टी-शर्टवर १९९९ रुपये छापलेलं असतं. त्या किमतीला तो टी-शर्ट कुणी कधी घेतलेला नाही, पुढेही घेणार नाही. तो आकडा जन्माला येतो तोच खोडला जायला. त्याच्यावर लाल रेघ मारून शेजारी ९९९ लिहिलं की आपण हजार रुपये 'वाचवतो', आणि वाचवलेल्या हजारात दुसरा टी-शर्ट घेतो.

युरोपीय संघाने यावर एक साधी युक्ती काढली. मे २०२२ पासून तिथे सूट जाहीर करणाऱ्याला त्याआधीच्या किमान ३० दिवसांतला सगळ्यात कमी भाव दाखवावा लागतो. काही व्यापाऱ्यांनी तो भाव कोपऱ्यात दाखवला आणि टक्के मात्र फुगवलेल्या किमतीवर काढले. तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने टक्केही त्याच कमी भावावर काढायला लावले. हे वाचून आमच्या एका दुकानदार मित्राला खरोखर दरदरून घाम फुटला. "मागच्या महिन्याचा भाव दाखवायचा म्हणजे काय? मागच्या महिन्यात तर हाच होता!"

परवा शेजारच्या वहिनींबरोबर बाजारात जायचा योग आला. त्यांना धाकट्या जावेसाठी ड्रेस मटेरियल हवं होतं. पिशवीवर चिकटपट्टी होती : २४९९. शेजारी तारेच्या आकाराच्या पिवळ्या कागदावर १२४९. दुकानदार म्हणाला, "भाभी, सीधा आधा. कल से ये रेट नहीं मिलेगा." वहिनींनी नेहमीसारखं "बघू" म्हणत पिशवी उजेडात धरली. चिकटपट्टीचा एक कोपरा किंचित उचलला होता. अंगठ्याच्या नखाने त्यांनी तो हळूहळू सोलायला घेतला, लसूण सोलावी तसा, दुकानदाराशी जावेच्या मापाबद्दल बोलत बोलत. खालून छापील आकडा निघाला : ११९५.

म्हणजे निम्म्या किमतीत तो कपडा चोपन्न रुपये महाग होता.

पाकिटावर वेगळी चिकटपट्टी लावायला नियमात मुभा आहे, पण ती किंमत उतरवण्यापुरती, आणि तीही मूळची छापील किंमत झाकली जाणार नाही अशी. चढवायला चिकटपट्टी चालत नाही. वहिनींना नियम ठाऊक नव्हता, नख ठाऊक होतं. दुकानदार क्षणभरच गप्प झाला. "वो पुराना लॉट का होगा, भाभी," म्हणत त्याने पिशवी अशी काही काढून घेतली की जणू आम्हीच तिच्यावर काही चिकटवत होतो.

हिशेबाच्या बाबतीत तर दुकानं आपल्या शाळांवर विसंबून असतात. '५०% + २०%' वाचून चांगले शिकलेले लोक सत्तर म्हणतात. हजाराचे आधी पाचशे होतात आणि वीस टक्के त्या पाचशेवर सुटतात, म्हणजे चारशे द्यायचे. सूट साठ टक्के. दहा टक्के गणिताच्या मास्तरांच्या नावावर. 'दोन घ्या, एक फुकट' म्हणजे तेहतीस टक्के, तेही आपल्याला तीन हवे असले तर. ज्या माणसाला एकच बेल्ट लागतो त्याच्या घरी आज तीन आहेत आणि कंबर अजून एकच.

एवढ्यावर भागत नाही. गल्ल्यापाशी नवी गंमत सुरू होते. 'फ्लॅट ४०%' असं लिहून चाळीस टक्के कापायचे आणि उरलेल्या रकमेवर वेगळा कर लावायचा, ही चाल व्हॅटच्या काळात जोरात होती. एरो क्लब या कंपनीच्या प्रकरणात जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ती अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. छापील किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर सपाट चाळीस सोडतो म्हटलं तर चाळीसच सोडा. डिसेंबर २०२० मध्ये याच आयोगाने बिग बझारला सुनावलं की सामान घेतल्यावर गल्ल्यावर पिशवीचे वेगळे पैसे अचानक उपटायचे नाहीत. निकाल लागले, कायदा स्पष्ट झाला. नरोलीत पिशवीचे मात्र आजही दहा रुपये पडतात आणि आपण ते देतो. हजार 'वाचवलेल्या' माणसाने दहासाठी भांडणं शोभत नाही ना.

एरवी या गावाला लढणं नवं नाही. नरोली पोर्तुगीजांच्या हातून सुटली ती २८ जुलै १९५४ ला, सिल्वासा २ ऑगस्टला. त्या लढ्यात उतरलेल्यांत सुधीर फडके होते हे इथल्या शाळकरी पोरांनाही सांगितलं जातं. पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली तेव्हाही फडके आघाडीवर होते, हे मात्र कुणी सांगत नाही. त्या पंचायतीची रीत अगदी रुक्ष : उत्पादकाकडून घाऊक माल घ्यायचा आणि सभासद कुटुंबांनी आपसांत वाटून घ्यायचा. सूट नाही, चांदणी नाही, आज शेवटचा दिवसही नाही. असल्या नीरस कारभाराला आमच्या गावात सभासद मिळणं कठीण. इथे मुक्तिदिनाच्या सुमारासच मान्सून सेल रंगात असतो आणि तिरंगी पताका सुटीच्या पाटीलाही चालतात.

'एक बार बिका हुआ माल वापस नहीं होगा' ही पाटी मात्र बारमाही, तिला सूट नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणं ही अनुचित प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. या सगळ्याला लागतो एकच कागद, आणि तो मागितला की दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

वहिनींनी ड्रेस शेवटी दुसऱ्या दुकानातून घेतला, सुटीशिवाय, नऊशे पन्नासला. पैसे मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बिल द्या."

"बिल के साथ तो हजार पचास लगेगा, भाभी."

"मग पाटीवर काय लिहिलंय?"

"पाटीवर बिना बिल का है."