लग्नाला यायचंच, पण जेवून

सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई 2’ 2015च्या दिवाळीत आला. नावाखाली आग्रहही छापलेला: ‘लग्नाला यायचंच’. मराठवाड्यात त्या साली दुष्काळ, म्हणून आमचं जायचं राहिलं. परवा टीव्हीवर लागला, तेव्हा परभणीत घरबसल्या हजेरी लावली.

लग्न ठरल्यावर गौरीला, म्हणजे मुक्ता बर्वेला, शंका येते. जुना प्रियकर उगवतो. स्वप्नील जोशीचा गौतम तरी गोड हसत थांबतो, आणि दोन्ही घरं समजूतदारपणे वाट बघतात. इथं मी रिमोट खाली ठेवला. आमच्याकडे लग्न ठरल्यावर शंका घ्यायचा मान नवरीचा नसतो, वरमाईचा असतो, आणि ती शंका बहुतेक साडीच्या पोताबद्दल असते.

शिवाय या लग्नात कुणाला घाम येत नाही. आमचा मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. दोन वाजता माईकवाला अजून माजी सभापतींचं स्वागत करत असतो. मुठीतल्या ज्वारीच्या पिवळ्या अक्षता तळव्याला चिकटून बसतात, हळदीचा डाग पार मनगटापर्यंत जातो. मंगलाष्टक सुरू व्हायच्या आत निम्मी वऱ्हाडी मंडळी बुंदी-वांग्याच्या पंगतीत. प्रेम वगैरे असेलच कुठंतरी, जनरेटरच्या मागं.

शेजारी बसलेले मामा इतका वेळ गप्प होते. जाहिराती लागल्या तसे म्हणाले, “पोरं चांगली हायेत. पण याद्या कवा झाल्या?”