दवाखान्याची प्रकृती उत्तम

आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. डॉक्टरांचं पद रिक्त असल्याने चुकीच्या उपचाराची एकही तक्रार नाही. अतिरिक्त कार्यभारवाले डॉक्टर मंगळवारी येतात. जनावरांनी मंगळवारीच आजारी पडावं, एवढीच माफक अपेक्षा. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. भारनियमनात फ्रीजलाही विश्रांती मिळते. म्हैस अडलीच, तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहेच. फक्त तिने रेंजमध्ये अडावं. शिवाय प्रत्येक जनावराच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला आहे, त्यामुळे मेलेलं कोण, यावर वाद होत नाही. असाच बिल्ला डॉक्टरांच्याही कानाला मारावा, असा ठराव ग्रामसभेत एकमताने झाला. अंमलबजावणी तेवढी रखडली आहे. बिल्ला मारणाऱ्याचं पदही रिक्तच आहे.