घाम कसा फसवून काढावा

शेंद्रा एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट सुटली की लाइनवर आठ तास उभी राहिलेली माणसे संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या मैदानात येतात. त्यांना एकच गोष्ट हवी असते: थेट नेटपाशी जाऊन धडाधड स्मॅश. 'आधी दोन राउंड मारा' म्हणणाऱ्या प्रशिक्षकाच्या संघात तिसऱ्या दिवशी सगळ्यांचेच गुडघे एकदम दुखू लागतात.

यात खेळाडूंचा दोष नाही. १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला, तोच मुळी बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या प्रौढ व्यावसायिकांसाठी. पळायला नाही म्हणणारा खेळाडू संस्थापकाचा हेतूच जपत असतो.

म्हणून 'वॉर्मअप' हा शब्द तोंडातून काढू नये. फक्की मारलेल्या कोर्टाचा अर्धा भाग, म्हणजे नऊ बाय नऊ मीटर, बघून घ्यावा, मुरमातले खडे उचलावेत आणि सहज सुचल्यासारखे म्हणावे, "चला, विषामृत खेळू." बारा जणांत दोघे विष. विषाने ज्याला शिवले त्याने गुडघे वाकवून, हात पुढे जोडून जागीच थांबायचे. गड्याने चेंडू टाकायचा, त्याने अंडरहँडने नीट परत दिला तरच अमृत. चेंडू वाकडा गेला की पुन्हा टाकायचा. आणि चेंडू हातात असलेल्यालाही शिवता येते, हे विसरू देऊ नये. सगळी गंमत तिथेच आहे.

पेंट शॉपवाले मामा, ज्यांना एरवी बस पकडायलाही पळवत नाही, ते इथे कमरेतून असे वाकून निसटतात की विष तोंडावर पडते. शिवले गेलेच तर गरजतात, "लागलंच नाही! शर्टाला लागलं!" हा वाद मिटवू नये. वादानेही ठोके वाढतात आणि त्याला चेंडू लागत नाही.

मांडीचे स्नायू ताणून मिनिटभर गप्प उभे राहण्याचा कार्यक्रम शेवटी ठेवावा. उड्या मारण्याआधी तो फार लांबवला तर उडी कमीच होते. दहा मिनिटांनी सगळ्यांना धाप लागली की बिनचेंडूचे स्मॅश घ्यावेत: तीन पावले, उडी, दोन्ही पायांवर उतरणे. पुरुषांचे नेट २.४३ मीटरवर आहे का, हे टेपने बघावे. उंच माणसाचा हात हे माप नव्हे. नेटखाली समोरच्याचा पाय असेल तर मात्र खेळ तिथेच थांबवावा, कारण घोटा बहुधा तिथेच मुरगळतो. या एका बाबतीत प्रशिक्षकाने खरोखर ओरडावे.

मग सामना लावावा. घामाने निथळणारा कोणीतरी हमखास विचारतो, "सर, आज वॉर्मअप राहिला की!" त्याचे नाव लक्षात ठेवावे आणि उद्या पहिल्या डावात त्यालाच विष करावे.